दहावा माणूस कामावर घेण्याआधी: नाशिकच्या छोट्या कारखानदारांसाठी ईएसआय, गटविमा आणि कामावरचे नियम

अंबडला किंवा सातपूरला गाळा घेतला, दोन-तीन मशीन टाकली, ऑर्डरी वाढल्या आणि बघता बघता मस्टरवर दहा नावं झाली. इथवर सगळं तोंडी चालून जातं. कुणाला ताप आला की शेठ खिशातून पैसे काढून देतात, कुणाकडे बाळंतपण असलं की उचल मिळते. दहाव्या नावानंतर मात्र हे तोंडी खातं बंद करून कागदावर यावं लागतं, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

आमच्या प्रेसशॉपचं पगारपत्रक, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे पगारातून थोडी रक्कम कापून उपचार आणि आजारपणातला पगार देणारी सरकारी योजना) आणि विमा मी बघते. शेजारच्या गाळ्यांतले नवे लोक येऊन तेच तेच विचारतात, म्हणून एकदा क्रमाने लिहून काढते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. तुमचा माणूस ज्या रात्री दवाखान्यात दाखल होतो, त्या रात्री काय होणार हे बहुतेक वेळा तो कामावर रुजू झाला त्या दिवशीच ठरलेलं असतं. चलान वेळेवर भरणारे मालक पुष्कळ आहेत, पण रुजू होण्याच्या दिवशी नाव, आधार आणि कुटुंब नीट भरून घेणारे कमी.

दुसरं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. १९४८ चा ईएसआय कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या लेखातला एखादा नियम कुणी दाखवला, तर तो आपल्या कन्सल्टंटकडून तपासून घ्या.

१. आधी माणसं मोजा

ईएसआय दहा माणसांपासून लागू होतं. पण दहा म्हणजे नेमके कोण? 'परमनंट सहाच आहेत' हे उत्तर चालत नाही. कंत्राटदाराकडून आलेले, रोजंदारीवरचे, पॅकिंगला येणाऱ्या बायका, ऑफिसमधला अकाउंटंट, सगळे धरायचे. ज्यांचा पगार ईएसआयच्या मर्यादेवर आहे त्यांचं अंशदान (ईएसआयचा मासिक हप्ता) भरावं लागत नाही, पण डोकी मोजताना तेही येतात. अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर नोंदवलेला अप्रेंटिस वेगळा. नुसतं 'ट्रेनी' असं नाव देऊन मशीनवर उभा केलेला मुलगा कामगारच धरला जातो.

एकदा ईएसआय लागू झालं की पुढे माणसं आठवर आली तरी ते सुटत नाही. मंदीत दोघांना कमी करून सुटका होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी एक फट आहे. कंपनी नोंदवतानाच ईएसआयचा कोड आपोआप मिळतो. तो सीएच्या ईमेलमध्ये पडून राहतो आणि दहावा माणूस आल्यावर कुणीतरी नव्याने दुसरा कोड काढतं. आधी जुना ईमेल शोधा.

२. कागद एका फाईलमध्ये

कारखान्याचे: पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, गाळ्याचा करार किंवा एमआयडीसीचं पत्र, भागीदारीपत्र किंवा कंपनीची नोंदणी, वीजबिल, बँकेचा रद्द केलेला धनादेश, मालकाचं आधार, डिजिटल स्वाक्षरी आणि पहिल्या दिवसापासूनचं मस्टर व पगारपत्रक.

कामगाराचे: आधार, आधारला जोडलेला चालू मोबाईल नंबर, बँक पासबुक, फोटो, कुटुंबातल्या प्रत्येकाचं आधार, वारसाचं नाव आणि आधीच्या नोकरीतला आयपी नंबर (ईएसआयमधला त्या कामगाराचा क्रमांक). हा शेवटचा कागद कुणी मागत नाही. सातपूर-अंबडमध्ये माणसं चार गाळे फिरून आलेली असतात, त्यांचा नंबर आधीचाच असतो. तो नंबर आयुष्यभर एकच राहायला हवा. दुसरा काढला की आधीचं अंशदान एकीकडे, नवं दुसरीकडे, आणि लाभ मोजताना दोन्ही अपुरे.

३. नोंदणी

श्रम सुविधा पोर्टलवरून अर्ज होतो आणि १७ अंकी कोड मिळतो. लागू झाल्यापासून १५ दिवसांत करायचं. फॉर्म सोपा आहे, मी त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त लागू झाल्याची तारीख विचार करून टाका. दहावा माणूस खरं कधी आला ते मस्टर सांगतं, आणि तपासणीला येणारा अधिकारी मस्टरच बघतो.

४. रुजू होण्याच्या दिवसाचा अर्धा तास

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवा माणूस आला की त्याला मशीनवर पाठवण्याआधी टेबलाशी बसवा.

नाव आधारवर जसं आहे तसंच भरा. आपल्याकडे ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर 'डी'ने सुरू होतं, दुसऱ्यावर 'जी'ने. लग्न झालेल्या बायकांचं आधार सासरच्या नावाने, पासबुक माहेरच्या. कुणाचं आडनाव आधी, कुणाचं शेवटी. पोर्टलला यातलं काहीही कळत नाही, त्याला अक्षरं जुळायला हवीत. जुळत नसेल तर आधी आधार किंवा पासबुक दुरुस्त करायला सांगा. शक्य असेल तर त्यासाठी अर्धा दिवस भरपगारी सुट्टी द्या, नाहीतर तो ते काम सहा महिने करत नाही.

जन्मतारखेचंही तसंच. गावाकडच्या शाळेत गुरुजींनी निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जून करून ठेवलेला असतो, आणि आईवडिलांच्या आधारवर नुसतं वर्ष असतं. खरी तारीख कोणती यावर वाद घालू नका, सगळ्या कागदांवर एकच तारीख असू द्या.

मग कुटुंब. पत्नी किंवा पती, मुलं, अवलंबून असलेले आईवडील, सगळ्यांची नावं फोटोसकट चढवा. पुरुष कामगार 'बायकोचं नंतर देतो' म्हणतात. नंतर म्हणजे बाळंतपणाच्या आठव्या महिन्यात.

शेवटी ईएसआयची डिस्पेन्सरी किंवा पॅनल डॉक्टर (ईएसआयच्या यादीतला डॉक्टर). तो कारखान्याजवळचा नको, घराजवळचा घ्या. माणूस सिडकोत, पंचवटीत नाहीतर नाशिकरोडला राहत असेल तर कुटुंबाने लेकराला घेऊन सातपूरला का यायचं? ई-पहचान कार्डाची (ईएसआयच्या ओळखपत्राची) प्रत काढून त्याच्या हातात द्या, एक तुमच्या फाईलला लावा आणि त्याच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

५. दर महिन्याचं चक्र

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असलेले कामगार ईएसआयमध्ये येतात; दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापायचे, मालकाने ३.२५ टक्के घालायचे. १८,००० पगारावर कामगाराचे १३५, तुमचे ५८५, एकूण ७२०. सरासरी रोज १७६ रुपयांपर्यंत असेल तर कामगाराचा हिस्सा माफ, तुमचा नाही. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत चलान भरायचं. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के दराने व्याज, शिवाय दंड वेगळा.

ओव्हरटाइमवरून नेहमी वाद होतो. जुन्या कायद्यात २१,००० ची मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नसत, पण अंशदान कापताना धरत. नव्या संहितेत पगाराची व्याख्याही बदलली आहे: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पगारातच मोजला जातो. बेसिक कमी आणि भत्ते भरमसाट अशी जुनी पगाराची मांडणी असेल तर ती या वर्षी मोडून नव्याने करा.

आता दिवसांचा हिशेब. यात बहुतेक जण फसतात. अंशदानाचे दोन हंगाम असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, दुसऱ्याचा जुलै ते डिसेंबरमध्ये. आजारपणाचा पगार मिळायला त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांचं अंशदान लागतं. आपल्याकडे निफाड-दिंडोरीचे कामगार ऑक्टोबरच्या द्राक्ष छाटणीला सुट्टी टाकतात, मध्ये येतात, पुन्हा फेब्रुवारी-मार्चच्या काढणीला जातात. दोन्ही एकाच हंगामात पडतं. अशा हेल्परचे ७८ भरत नाहीत आणि पुढच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला की हातात काही येत नाही. त्याला हे आधी सांगा, जायचं की नाही ते तो ठरवेल. तुमच्या बाजूने, चलानात दिवस बरोबर टाका. महिनेवारी पगार असलेल्याच्या भरपगारी साप्ताहिक सुट्ट्याही दिवसांत येतात. सरसकट २६ टाकायची खोड कन्सल्टंटला असेल तर मोडा.

कंत्राटदाराचं बिल पास करण्याआधी त्याच्याकडून चलान आणि नावांची यादी घ्या. नुसतं चलान नको, यादीसकट. त्याने भरलं नाही तर वसुली तुमच्याकडून होते.

६. कामगाराला काय मिळतं ते भिंतीवर लावा

'ईएसआय कापतात पण मिळत काही नाही' हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. बऱ्याचदा कारण एवढंच की काय मिळतं ते कुणी सांगितलेलं नसतं.

उपचार स्वतःला आणि कुटुंबाला पहिल्या दिवसापासून. आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस सहसा मिळत नाहीत. क्षय, कॅन्सर अशा ठरवून दिलेल्या ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत ९० टक्के, आणि त्याला किती दिवस भरले ही अट नाही. आज रुजू झाला आणि आजच बोट प्रेसमध्ये गेलं तरी मिळतं. बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण पगार, त्यासाठी आधीच्या दोन हंगामांत मिळून ७० दिवस लागतात.

घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही कामावरची इजा धरला जातो. सिन्नरहून नाहीतर त्र्यंबक रोडने बाईकवर येणारी पोरं किती आहेत ते बघा. मात्र पोलिसांत नोंद हवी आणि तो त्या वेळी कामावर येत होता की सुटून जात होता हे हजेरीवरून जुळायला हवं.

आजारपणाच्या पगारासाठी ईएसआयच्याच डॉक्टरचा दाखला लागतो. गल्लीतल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट कितीही खरं असलं तरी तिथे चालत नाही. आणि ईएसआयच्या आजारपणाच्या रजेवर असलेल्याला कामावरून काढता येत नाही, हे मालकाने स्वतःसाठी लिहून ठेवावं.

७. एकवीस हजारांच्या वरचे लोक

सुपरवायझर, टूलरूमचा जुना माणूस, अकाउंटंट. हे ईएसआयच्या बाहेर. यांना दोन गोष्टी लागतात आणि लोक एकच घेतात.

पहिली, अपघाताच्या भरपाईची पॉलिसी, जिला विमा एजंट अजून 'वर्कमेन कॉम्पेन्सेशन' म्हणतात. ईएसआयमधल्या माणसाला इजा झाली तर जबाबदारी ईएसआय महामंडळ घेतं. बाहेरच्या माणसाची कायद्याने ठरलेली भरपाई थेट तुमच्या खिशातून जाते. आरोग्य विमा दवाखान्याचं बिल देतो, ही भरपाई देत नाही.

दुसरी, गटाचा आरोग्य विमा. सात माणसांपासून गट घेता येतो. एजंट पहिल्यांदा हप्ता सांगेल. तुम्ही आधी हे विचारा:

- आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेत का? गटविम्यात हे मिळतं, पण पॉलिसीवर लिहिलेलं हवं.
- बाळंतपणाची मर्यादा किती, आणि नवं बाळ जन्मापासून धरलंय का?
- आईवडील आहेत का? हप्ता खरा यांच्यामुळे वाढतो. झेपत नसेल तर त्यांचा हप्ता कर्मचाऱ्याने भरायचा पर्याय ठेवा, नाही म्हणू नका.
- खोलीभाड्याला मर्यादा आहे का?
- कर्मचारी राहतात तिकडचं कुठलं रुग्णालय कॅशलेसच्या यादीत आहे?

खोलीभाड्याचा मुद्दा उदाहरणाने सांगते. मर्यादा रोज ३,००० ची आहे आणि नातेवाइकांनी ६,००० ची खोली घेतली. मग वरचे तीन हजारच नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीच्या दर्जाशी जोडलेले खर्चही निम्मेच मिळतात. औषधं आणि इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही. हप्ता थोडा जास्त गेला तरी खोलीची मर्यादा नसलेली पॉलिसी मी घेईन. विम्याची रक्कम वाढवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

हप्त्यावर १८ टक्के जीएसटी हिशेबात धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, गटविम्यावरचा गेलेला नाही.

पगारवाढीची तारीखही इथे आडवी येते. १ एप्रिलला पगार २१,५०० केलात तर माणूस त्याच दिवशी ईएसआयच्या बाहेर पडतो. तीच वाढ मेमध्ये दिली तर ३० सप्टेंबरपर्यंत तो आतच राहतो आणि कपात पूर्ण पगारावर होते. आधीच्या अंशदानावरचा लाभ पुढे काही महिने मिळतो हे खरं, तरी पगारवाढीच्या पत्राबरोबरच त्याचं नाव गटविम्यात आणि भरपाईच्या पॉलिसीत गेलं पाहिजे. वाढ देणारा एक आणि विमा बघणारा दुसरा असेल तर हे हमखास राहतं.

गटविम्यात मधे नावं घालायला विमा कंपनीकडे आगाऊ रक्कम जमा ठेवावी लागते. ती संपली की नवं नाव चढत नाही आणि तुम्हाला ते कळतही नाही. दर महिन्याला पगारपत्रक झालं की शिल्लक विचारा.

८. दाखल करायची वेळ आली

कारखान्यात एका माणसाचा नंबर ठरवून टाका, रात्री उचलला जाईल असा.

ईएसआयवाला असेल तर डिस्पेन्सरी किंवा सातपूरला त्र्यंबक रोडचं कामगार विमा रुग्णालय. तिथून गरज पडली तर करार असलेल्या मोठ्या रुग्णालयात पाठवतात. परस्पर खाजगीत गेलं की खर्च परत मिळवणं अवघड जातं. जिवावरचं असेल तेव्हा मात्र जवळ दिसेल तिथे न्या, त्याच दिवशी ईएसआयला कळवा आणि प्रत्येक पावती ठेवा.

गटविम्यात ठरलेलं ऑपरेशन असेल तर दोन-तीन दिवस आधी टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) कळवा, तातडीचं असेल तर २४ तासांत. २०२४ पासून विमा नियामकाने कॅशलेसच्या मंजुरीला एक तास आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तास ठरवून दिले आहेत. रुग्णालयाच्या काउंटरवर ही गोष्ट शांतपणे सांगता येते. पैसे भरून नंतर मागायचे असतील तर डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, सगळे रिपोर्ट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मूळ प्रतीत लागतात. देण्याआधी सगळ्याचे फोटो काढा.

कामावर इजा झाली असेल तर अपघात वहीत लगेच नोंद आणि ईएसआयच्या पोर्टलवर २४ तासांत अपघात अहवाल. गंभीर असेल तर कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयालाही कळवायचं. 'आधी बघू बरा होतो का' म्हणून थांबलात की पुढे प्रत्येक कागदावर उशिराचं कारण द्यावं लागतं.

आणि एक विनंती. कुणाचे रिपोर्ट कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कामावर घेताना एचआयव्हीची चाचणी मागणंही २०१७ च्या कायद्याने बंद आहे.

९. लेखी नियम, दोन पानांत

नेटवरून चाळीस पानी पॉलिसी उतरवून छापणारे आहेत. ती कुणी वाचत नाही. दोन पानं मराठीत लिहा, सही घ्या आणि पंचिंगच्या मशीनशेजारी लावा. नेमणूकपत्र आता प्रत्येकाला द्यावंच लागतं, त्यालाच जोडा.

रजेचा किमान नियम कायद्यात आहे: २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी. पूर्वी त्यासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत, नव्या संहितेत १८०. ईएसआय जे पहिले दोन दिवस देत नाही ते कंपनी देणार का, हे आपल्या कागदावर स्पष्ट लिहा. मी म्हणेन द्या. रक्कम लहान असते आणि तापात मशीनवर येणारा माणूस महाग पडतो.

सणावारांबद्दलही लिहा. वणीची चैत्रातली यात्रा, त्र्यंबकची निवृत्तिनाथांची यात्रा, यांना निम्मी शिफ्ट रिकामी होते. त्यात २०२७ चा सिंहस्थ. पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असतील, तेव्हा त्या सुट्ट्या कशात धरायच्या ते आधीच ठरवा.

प्रसूतीची रजा ईएसआयमधल्या बाईला महामंडळ देतं, बाहेरच्या बाईला तुम्ही. दोन्हीकडे २६ आठवडे. दोन मुलं असतील तर पुढच्या वेळी १२. पन्नास माणसांपासून पाळणाघर. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी नव्या संहितेत मालकावर आली आहे. आसपासच्या दोन-चार गाळ्यांनी मिळून एकाच दिवशी ठेवली तर स्वस्तात होते.

लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती मात्र सगळ्यात जास्त टाळली जाते. 'आमच्याकडे बायका दोनच' हे कारण नाही. दहा कर्मचारी मोजताना पुरुषही धरतात. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, बाहेरचा एक जाणकार, आणि एकूण निम्म्या तरी स्त्रिया. बाहेरचा सदस्य म्हणून मालकाचा मेहुणा नको. या विषयात काम केलेल्या संस्थेतली व्यक्ती घ्या. तक्रार तीन महिन्यांच्या आत, चौकशी ९० दिवसांत, नावं गुप्त. समिती नसेल तर ५०,००० पर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तो पत्ताही भिंतीवर हवा. दरवर्षीचा अहवाल, एकही तक्रार नसली तरी, द्यायचा असतो.

१०. माणूस सोडून जातो तेव्हा

ईएसआयच्या मासिक भरण्यात शेवटचा दिवस आणि कारण टाका, नाहीतर नाव तसंच लटकत राहतं. गटविम्यातून नाव काढलं की उरलेल्या काळाचा हप्ता तुमच्या खात्यात परत येतो, मात्र त्या वर्षी त्याने क्लेम घेतलेला नसला पाहिजे. जाणाऱ्याला त्याच कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेऊन गटातली वर्षं पुढे नेता येतात. ज्याला शुगर किंवा बीपी आहे त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, पण नाव कमी होण्याआधी अर्ज करावा लागतो. म्हणून राजीनामा हातात आला की हिशेबाच्या कागदाबरोबर विमा कंपनीचा नंबर आणि त्याचा आयपी नंबर एकाच चिठ्ठीवर लिहून द्या.